अर्धा किलो बेदाणा

उरूस संध्याकाळी जागा होतो.
आम्ही पोचलो सकाळी नवाला,
तासगावहून मिरजेला, एसटीत उभ्यानं,
दहावी ब, एकेचाळीस जण
आणि शिकलगार बाई.

पाळणे झोपलेले.
पाळण्यांखाली माणसं झोपलेली.
कुणी मिश्री लावत होतं, कुणी टबात बाळ धूत होतं.
मौतच्या कुव्याच्या फळ्यांवर
वाळत घातलेली एक पिवळी ओढणी.

बाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं:
अकरा खेपा, डिझेलपुरते पैसे.
पिशवीतून निघालं स्टॉपवॉच,
गवंड्याकडनं मागून आणलेला ओळंबा,
एक स्प्रिंगचा काटा
आणि अमोघच्या वडलांच्या शेडमधला
अर्धा किलो बेदाणा, गाठ मारून.
"वर गेलं की वाचायचा, खाली आलं की वाचायचा.
किंचाळायचं नंतर."

माझ्या हातात काटा, सईदाच्या मांडीवर वही.
खाली: पाचशे ऐंशी.
वर: चारशे वीस.
परत खाली, परत पाचशे ऐंशी.
परत वर,
आणि त्या चारशे विसात
रेल्वेचे रूळ, पाण्याच्या टाक्या, लांब दंडोबाचा डोंगर
आणि माझं पोट, जागेवर नसलेलं.
ऐंशी ग्रॅम गेले कुठं?
पिशवीची गाठ तशीच होती.

उतरल्या उतरल्या अमोघ म्हणाला,
"बाई, म्हणजे घ्यायचा वर आणि विकायचा खाली!"
सगळे हसले. बाई नाही.
"आणि गिऱ्हाइकानं तागडी आणली तर?"
अमोघचा चेहरा हळूहळू उतरला.
मापही पाळण्यात बसणार,
मापही तेवढंच हलकं होणार.
तीन पिढ्यांचा व्यापार
एका वाक्यात जमिनीवर.

ओढणी काढायला आली ती
विहिरीच्या भिंतीवर मोटारसायकल चालवणारी पोरगी,
आमच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी.
बाईंनी विचारलं, पडत कशी नाहीस?
"हळू झालं की पडतंय. एवढंच ठावं हाय."
बाई आमच्याकडं वळल्या: "लिहा."
आम्ही लिहून होईस्तोवर ती थांबली,
सईदाच्या वहीत डोकावली,
"अक्षर चांगलं हाय," म्हणाली
आणि गेली.

पाळणेवाले गुलाबचाचा माणसं डोळ्यांनी तोलायचे.
"तू हिकडं. तुमी दोघी बारीक, समोरच्यात.
एकाच अंगाला भरलं की मशीन रडतंय."
आघूर्ण हा शब्द आम्हाला येत होता.
रडणं त्यांना ऐकू येत होतं.

अकराव्या खेपेला ते म्हणाले,
"बाई, ह्या अंगाला एक कमी पडतंय. बसा."
"मी खालून वेळ मोजते."
"आणा हिकडं, मी मोजतो."

बाईंनी चष्मा पर्समध्ये ठेवला,
पदर दोनदा खोचला,
काटा घेतला, बेदाणा अडकवला,
आमच्या बरोबर समोर बसल्या.
त्या वर, तेव्हा आम्ही खाली.
आम्ही वर, तेव्हा त्यांचा फक्त भांग दिसायचा.

दुसऱ्या फेरीत एक आवाज आला.
तो बाईंचा होता हे मान्य करायला
आम्हाला आणखी दोन फेऱ्या लागल्या.

खाली गुलाबचाचांनी स्टॉपवॉच परत दिलं,
बटण न दाबलेलं.
"बारा," म्हणाले. "कायम बाराच आकडं."
आमच्या दहा खेपांची सरासरी होती
बारा पूर्णांक एक सेकंद.

सईदानं पेन उघडलं. "बाई, अकरावी ओळ? वर किती?"
बाई चष्मा शोधत होत्या.
केस कानावर आले होते.
"लिही, निरीक्षण घेता आले नाही."
मग थोडं थांबून,
"कारण लिहायची गरज नाही."

परतीच्या एसटीत गाठ सोडली.
बेचाळीस जण, अर्धा किलो:
वाट्याला बाराएक ग्रॅम.
गाडी खड्ड्यातून उडाली की
थोडे कमी,
आपटली की
थोडे जास्त.