आजपुरता

पहाटे पावणेपाचला
टोलीडोच्या लॅग्रेंज रस्त्यावर
जुन्या पियानोच्या दुकानात
एजन्सीची एकच ट्यूबलाइट लागते.
काचेवर अजून सोनेरी अक्षरं: दुरुस्ती व सुरावट.
आत आम्ही एकवीस जण,
बुटांवरचा बर्फ वितळून खुर्च्यांखाली
प्रत्येकाचं आपापलं डबकं.

पहिल्या दिवशी फॉर्मवर एक रकाना होता: अनुभव.
मी लिहिलं,
आइस्क्रीमची गाडी, अकरा आठवडे.
आणि पेन थांबलं.
मार्लीनबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"आणखी?"
चर्चच्या तळघरात शुक्रवारी मासे तळायचो. फुकट.
"आणखी?"
आजोबांना दोन वर्षं इन्सुलिन टोचलं.
शेजाऱ्यांचा संसार तीन जिने खाली उतरवला
दोन पिझ्झांच्या बोलीवर.
त्या टाइप करत गेल्या:
रोकड हाताळतो. गरम तेलाची भीती नाही.
वेळा पाळतो. पन्नास पाउंड उचलतो.
मी वाकून स्क्रीन पाहिली
तर माझंच नाव लावून तिथे
कुणी वयाने थोराड माणूस बसलेला,
ज्याला मीसुद्धा कामावर ठेवलं असतं.

त्याआधी सात ठिकाणी ऐकलं होतं,
अनुभव घेऊन ये.
कुठून आणू?
वेड गेल्याशिवाय लग्न नाही,
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही,
तशातली गत.

मंगळवारी वायपरच्या पट्ट्या खोक्यात.
बुधवारी काही नाही.
गुरुवारी पॉसम ओढ्यापलीकडचं गोदाम,
तिथे माझ्या छातीवर बिल्ला: टेम्प ४.
कायमवाल्यांची जाकिटं निळी, आमची नारिंगी.
मायक्रोवेव्हही त्यांचा आधी.
मुकादम वाईट नव्हता,
फक्त हाक मारायचा, "ए एजन्सी!"
आणि आम्ही सहाही जण मान वर करायचो.

ओडेल प्रुइट माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतो.
काचेच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली त्याने,
कारखाना गेला, खोकला राहिला.
त्याचा अनुभव रकान्यात मावेना,
म्हणून बाईंनी खाली बाण काढून
पाठपोट लिहिला.
ताशी दर मात्र आम्हा दोघांना एकच.
हे मला कळलं त्या दिवशी
मी त्याच्या नजरेला नजर देत नव्हतो,
जणू मीच त्याच्या खिशातून काढलं होतं काही.
तो म्हणाला, "पट्टा बघू नकोस, ऐक.
अडकायच्या आधी त्याचा आवाज जाड होतो."
शुक्रवारी तो जाड झाला.
मी लाल बटण दाबलं.
बोटं वाचली कुणाची तरी, बहुतेक माझीच.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते विचारायचं राहून गेलं.

आई रोज विचारते, लागलास का?
मी म्हणतो, लागलो.
आजपुरता, हे मनात म्हणतो.
आठवड्यापुरता, ऑर्डरपुरता,
कुणी बाळंतपणाला गेली तर ती परतेपर्यंत.
तात्पुरता.
या शब्दाच्या पोटात "पुरता" दडलाय,
आणि मी पुरता आहे की,
दोन हात, एक पाठ,
एकोणीस वर्षांची बिनवापराची झोप.
पगार तेवढा पुरत नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीशी
एक पियानो तसाच राहिलाय.
जड होता म्हणून दुकानदार टाकून गेला.
मार्लीनबाईंनी त्यावर कॉफीचं यंत्र ठेवलंय.
ओडेल म्हणतो, साडेचारशे पाउंड तरी असेल.
आम्ही एकवीस, प्रत्येकी पन्नास.
हिशेब सोपा आहे,
पण तशी ऑर्डर अजून आलेली नाही.

फोन वाजतो. बाई दोन बोटं वर करतात.
दोघं हवेत.
एकवीस पाठी एकदम ताठ होतात
आणि यंत्रातून कॉफी ठिबकते, ठिबकते,
खाली कुठेतरी एक तार
अगदी बारीक थरथरत राहते.