बिजागरी

मोराविया, सतराशे चौऱ्याऐंशी.

हुकूम चर्चच्या दारावर ठोकला तो मीच,
गावात खिळे माझ्याकडेच असायचे.
वाचता येत नव्हतं.
वीतने वाचून दाखवला, माझ्या नऊ वर्षांच्या पोराने,
अक्षरावर बोट ठेवत, अडखळत,
ओल्या फळीवर रंधा मारावा तसा.

मेलेल्याला लाकूड कशाला, असं काहीतरी होतं.
गोणपाटात शिवा. वरून चुना टाका.
पेटी गावाला एक पुरे:
तळाला दार, दाराला बिजागऱ्या, बाजूला दांडा.
दांडा ओढला की माणूस खड्ड्यात
आणि पेटी परत कोठीत.

ओंद्रेय लोहार दारावरच थुंकला.
मी घरी येऊन खडूने मांडून पाहिलं.
वर्षाला साठ मयतं, माणशी सहा फळ्या,
एका झाडाच्या बारा.
म्हणजे तीस झाडं.
दोनदा मांडलं. हिशेब चोख होता.

आणि ज्या शाईने हे लिहिलं
तिनेच तीन वर्षांमागे लिहिलं होतं
की लग्नाला सरदाराची परवानगी नको.
वीतच्या आईसाठी मी त्याच्या अंगणात
टोपी हातात धरून सहा आठवडे उभा होतो.
अपोलेनाला कुणालाही न विचारता घरी आणली.
म्हणजे, तिला विचारलं.
तळ्यापलीकडच्या प्रोटेस्टंटांना त्याच शाईने प्रार्थनाघर दिलं:
मनोरा नको, घंटा नको, छप्पर चालेल.
ते छप्पर मी घातलं.
वीतची शाळाही तिचीच.
असल्या शाईवर मी कसा थुंकणार?

पेटी बीचच्या लाकडाची केली.
इतकी चांगली पेटी मी जन्मात केली नव्हती,
कारण ती एका माणसासाठी नव्हती.

डिसेंबरात अपोलेनाला ताप आला.
तीन दिवस.
चौथ्या रात्री कंदील घेऊन मी कोठीत गेलो,
बदकाची चरबी कोमट करून
दोन्ही बिजागऱ्यांत बोटाने भरली,
दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं.
आवाज व्हायला नको होता.

दांडा मीच ओढला.
बिजागऱ्या वाजल्या नाहीत.
गोणी वाजली.

जानेवारीत दुसरा कागद आला.
वीत आता सरसर वाचतो.
ज्यांना हे पटत नाही त्यांच्यावर सक्ती नाही,
ज्याने त्याने हवं तसं पुरावं.
गावाने घंटा बडवल्या, पिंप फोडलं.
ओंद्रेयने माझ्यापुढे पेला धरला,
म्हणाला, घे, जिंकलो आपण.

मला पटलं होतं रे, ओंद्रेय.
मला पटलं होतं.

पेटी कोठीतच आहे. कारभारी विचारतो, काय करायचं हिचं?
मी म्हणतो, बघू.
बर्फ वितळल्यावर डोंगरावर जाऊन झाडं मोजून आलो.
बारा फळ्यांचं एक,
तेव्हा तिच्या वाटचं अर्धं झाड
तिथं कुठंतरी उभं असणार.
अर्धं झाड उभं कसं राहतं
ते मला खडूने मांडता येत नाही.