काजळी, तेलरंगात

शुक्रवारी रात्रपाळी संपली की
मी प्लँटच्या बसमधून मधेच उतरते.
शारजा, टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला,
खडखडणारा एसी, सहा ईझल,
आणि नझीहाबाई, बसऱ्याच्या.
त्यांचं हिंदी दुकानांतलं, माझं दूरदर्शनवरचं.
भागतं.

रात्रभर मी समुद्राचं मीठ मोजलेलं असतं.
आत येताना पंचेचाळीस हजार,
बाहेर पडताना शंभर-सव्वाशे,
वर चवीपुरता चुना.
एवढं गोडं पाणी रोज हाताखालून जातं,
पण त्याला काठ नसतो.

"काठ आधी," बाई म्हणतात.
"पाणी काढायचंच नाही. पाण्यात काय पडलंय ते काढ."

पहिला थर रोडका, टर्पेंटाइन पाजलेला.
मग थराथराला अळशीचं तेल वाढवत जायचं.
घाईने उलट केलं तर वर्षभरात भेगा.
(पोळी भाजण्याआधी तूप सोडणाऱ्या
माझ्या जावेची आठवण झाली.)

काळ्याची ट्यूब त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतली.
नदीत काळं काही नसतं, म्हणाल्या.
म्हटलं, आमच्या नदीचं नावच काजळी.
काजळी म्हणजे काय ते सांगताना
कंदील, काच, वात, सगळं हातवाऱ्यांनी करावं लागलं.
हसल्या. निळ्यात जळका तपकिरी घोळवला,
सुरीच्या टोकावर धरला:
"ही घे तुझी."
आणि खरंच, अंजणारीच्या पुलाखाली
सहा वाजता असायचा
तोच.

पाच शुक्रवार गेले.
माडाचं प्रतिबिंब माडाहून जरा फिकं,
आभाळाचं आभाळाहून जरा मळकं.
पाण्यात सगळेच थोडे थोडे मधे सरकतात.
उभं ओढायचं, मग कोरड्या ब्रशने
एकदाच आडवं. दोनदा केलं की चिखल.
मी दोनदा करायची.

अडले ती पलीकडच्या काठाशी.
इकडचा धोंडान् धोंडा पाठ,
कुठला डुगडुगतो तेसुद्धा.
तिकडे आमचं कोणी नव्हतं.
अच्युतने फोटो पाठवला, भर दुपारचा,
कोपऱ्यात त्याचा अंगठा.
"सावल्याच नाहीत," म्हणाल्या बाई. "ठेवून दे."

मग त्यांनीच ब्रश घेतला.
उतरता गाळ, बोरूची दाटी,
वर वळलेल्या नाळेची एक होडी.
तेल भरपूर. स्वतःचाच नियम मोडून.
"तिकडे बोरू होते?" मी विचारलं.
"होते."
कुठे ते आम्ही दोघींनीही बोललो नाही.

जरा वेळाने, ब्रश पुसता पुसता:
"भाऊ म्हणतो, आता चहा खारट लागतो.
तू मोजतेस ना? दहा हजार म्हणजे किती?"
मी मीटरवाली. आकडा विचारला की उत्तर येतंच तोंडात.
"खजूर कसाबसा तगेल," म्हटलं. "बाकी नाही."
त्या पुसतच राहिल्या. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

घरी नेताना कॅनव्हास अंगापासून लांब धरला.
थेंबभर पाणी नाही त्यात.
या देशात नदीसुद्धा तेलातूनच निघते,
आणि वाळायला महिना घेते.

रोल्याच्या स्टॉपवर गर्दीत कोणीतरी ढकललं.
बाहीला हिरवा लागला, बोरूचा,
पलीकडच्या काठाचा.
टर्पेंटाइनने निघाला असता.