मापाची वही

"हा देश माझ्या थोरलीहून
दोन वर्षांनी धाकटा,"
खलफान सांगायचा, रास अल खैमातल्या माझ्या दुकानात,
कंदुऱ्याचं कापड चाचपत.

"आधी विहिरीचं मचूळ पाणी, खजूर, ताप.
मग नळ आला, शाळा, दवाखाना.
बदल्यात कुणी काही मागितलं नाही.
फुकटाचं खाऊन मान ताठ राहत नाही, मास्तर.
आता मागितलंय."

हुमैदला स्वतः गाडीतून छावणीवर सोडून आला,
गल्लीभर हलवा वाटला.
मीही खाल्ला.
बोटं तुपकट झाली म्हणून
मशीन थोडा वेळ बंद ठेवली.

नंतर आला तो शिलाई द्यायला.
कपडा नको म्हणाला.
दारात थांबून:
"फिटलं, म्हणतात सगळे."

वहीत अजून आहे:
हुमैद. छाती अडतीस, उंची छप्पन्न.
गळा जरा सैल ठेवणे.