अठरा नंबर

इफेदायो, बूट काढ. इथून पुढे होडी.
गिऱ्हाइकाशी बोलताना याला ‘रस्ता’ म्हणायचं असतं,
पण तू गिऱ्हाईक नाहीस.

माझा बाप लेगॉसच्या भिंती रंगवायचा.
लाल रंग, वीतभर अक्षरं:
हे घर विकायचे नाही.
मालक परगावी गेला की कुणीतरी लफंगा
खोट्या कागदांवर त्याचं घर विकून मोकळा व्हायचा,
म्हणून भिंतीलाच ओरडावं लागे.
मी डबा धरून उभी, नऊ वर्षांची,
कोपरापर्यंत लाल.
त्या भिंती वाचता वाचताच मला कळायला लागलं
कुठलं घर कधी विकलं जाणार ते.

मग विमा कंपनीतली खुर्ची. पंखा. महिन्याच्या महिन्याला पगार.
ती सोडली तेव्हा आई तीन दिवस बोलली नाही;
चौथ्या दिवशी म्हणाली, छत्री तरी घेऊन जा.

चीफ ओगुनसेयेनं गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला.
सगळा निळा. निळ्यावर आखलेले चौकोन.
जमीन कुठाय? मी विचारलं.
खाली, तो म्हणाला. ड्रेजर वर आणेल.
पक्की घरं विकणारे हसले.
मी त्या वर्षी चौदा चौकोन विकले,
चौदाही ओले.

पंधरावी आली फेलिसिया ओकोरोदुदू,
सापेलेच्या इस्पितळातली निवृत्त सुईण.
ग्रॅच्युइटीचा चेक पर्समध्ये, पर्स काखेत,
नकाशाकडे न बघता माझ्याकडे बघत:
तू घेतलायस का इथे?
हो, म्हटलं.
घेतला नव्हता.

हजार पोरं जगात आणलेल्या बाईला
कळा खऱ्या की खोट्या ते कळत असणार.
तरी तिनं चेक दिला.
रात्रभर छताकडे बघत पडले, आणि सकाळी
घरभाड्याचे, धाकट्याच्या फीचे,
आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे
सगळे घेऊन चीफकडे गेले.
तिचा सतरा. माझा अठरा.
लोक याला धाडस म्हणतात.
मी फक्त एक खोटं खरं करून घेतलं,
तेही आईच्या डोळ्याच्या पैशांनी.

मग ड्रेजर बंद पडला. चार वर्षं.
पायाखालची वाळू सरकली म्हणायलासुद्धा
आधी वाळू लागते.
तिघांनी पैसे मागितले. माझं कमिशन मी परत दिलं,
चीफनं काही दिलं नाही.
टायरवाला अकिनोला वाट बघता बघता गेला;
त्याचा मुलगा अजून मी समोर आले की मान वळवतो.
आणि फेलिसिया दर पहिल्या शनिवारी काठावर,
स्टूल टाकून, मला पाण्यात बघत.
शब्दशः. बोट दाखवायची: तो तुझा ना? माझ्या शेजारचा?
एकदा भाजलेल्या कणसाचा अर्धा तुकडा दिला.
कशाबद्दल, ते दोघींनीही विचारलं नाही.

वाळू आली ती काळ्या पाइपातून, रात्री, खोकत.
पंधरा भरला. सोळा भरला. सतरा.
तिथे कुणाचे तरी पैसे संपले.

ते बघ तिचं घर, हिरव्या पत्र्याचं.
भिंतीवरची अक्षरं माझ्या हातची,
‘नाही’ जरा तिरकं गेलंय.
माझ्याकडचं निम्मं गिऱ्हाईक तीच पाठवते;
सांगते, हिनं स्वतःचं बुडवलंय, हिच्याकडूनच घ्या.
माझं सगळं दुकान अठरा नंबरावर उभं आहे
आणि अठरा अजून पाणी आहे.

उद्या तुला कुणीतरी तोच प्रश्न विचारेल.
काय म्हणायचं ते मी शिकवणार नाही.

थांबव रे होडी.
हाच. उतर, घाबरू नकोस,
कमरेपर्यंतच आहे.
मागच्या वर्षी छातीला लागायचं.