दोरा हलला

लेंडी फोडून बघायची सवय नाही मला.
कापड बघायची आहे. पंचवीस वर्षं
विडी घरकुलाच्या मागच्या शेडात
टॉवेल उजेडाला धरतो.
तुटका ताणा, सुटलेला फासा
बोटांनाच आधी कळतो.

म्हणून त्या सकाळी पिंजऱ्याखालच्या पत्र्यावर
नखाएवढा पांढरा धागा दिसला
तेव्हा वाटलं, माझ्याच सदऱ्यावरचा.
कापूस घरभर असतो आमच्या. भातातसुद्धा.
चिमटीत धरायला गेलो
आणि दोरा हलला.

ससा श्रावंतीचा. मंगळवार बाजारातला,
माझा अर्धा बोनस खाऊन आलेला.
नाव टर्किश. लव तशीच,
पहिल्या धुण्याआधीच्या टॉवेलसारखी.
"नान्ना, मरणार का हा?"

गुरांच्या दवाखान्यात पुढं एक म्हैस, मागं दोन शेळ्या.
शेळीवाली म्हणाली, कापायचा का पाळायचा?
डॉक्टरीणबाईंनी काच भिंगाखाली सरकवली.
बघा, म्हणाल्या.

एक डोळा मिटून बघितलं.
शेपटी सुईसारखी,
अंगातून आरपार उजेड,
आत अंडी, एकाला एक लागून.
एवढं बारीक सूत
कुठल्याच गिरणीचं हातात आलं नव्हतं.
काउंट सांगता येईना.

"सशांत असतातच. माणसाला लागत नाहीत.
औषध पाजा, पंधरा दिवसांनी पुन्हा पाजा.
गवत रोज बदला, पिंजऱ्यावर उकळतं पाणी ओता.
रात्री तो स्वतःचीच मऊ लेंडी खातो,
खाली पडूसुद्धा देत नाही. त्याला ती लागतेच.
जंत जातात ते त्याच वाटेनं परत येतात."

हे शेवटचं मी श्रावंतीला सांगितलं नाही.

रात्रपाळी नव्हती, तरी तीनला जाग आली.
शेजारचे माग चालू, खटखट खटखट.
बॅटरी लावली नाही.
टर्किश स्वतःतच वाकला,
मान पायांच्या मधे,
आणि न चावता काहीतरी गिळलं.
मग मिशा पुसल्या, नीट, दोन्हीकडच्या.
बघायला नको होतं असं वाटलं,
दुसऱ्याच्या घरातलं ताट बघितल्यासारखं.

मला खोकला आला. मोरीत थुंकलो,
थोडं पांढरं पडलं. नेहमीचंच.
त्यानं कान माझ्याकडं वळवले.

बाटली फ्रिजवर आहे.
तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर श्रावंतीचं अक्षर:
टर्किशचं. परत सोमवारी.
नान्नानं पिऊ नये.