मागील पानावरून

सोमवार होता, फेब्रुवारीचा शेवटचा.
खजिन्यातल्या बत्त्या रात्री अकराला जळत होत्या
आणि आमचे दादा, तवनाप्पा मगदूम, वय चोवीस,
करवीर सरकारची रोकड तिसऱ्यांदा मोजत होते.
उजाडलं की राज्य मुंबई प्रांतात.
सह्या, सलामी, झेंडा
हे बघायला माणसं वेगळी.
यांच्यापुढं पेट्या, लाख, सुतळी
आणि एक आणा तीन पै
जास्त.

कमी असते तर खिशातून भरले असते.
पण जास्तीचे कुणाचे?
आजच्या तारखेला धरावे तर बेरीज मोडते,
उद्याच्या तारखेला धरावे
तर उद्या हे सरकारच नाही.
हेडकारकून म्हणाले, "चहाला जाऊ देत की रं."
दादा दिवस बुडाल्यावर काही घेत नसत.
चहाही नाही.
त्यांनी कोऱ्या पानावर खातं उघडलं, अनामत,
आणि खाली मोडीत लिहिलं,
धनी ठरेपर्यंत.

मी महापालिकेत लागले, हिशेब खात्यात.
सकाळी नाक्यांवरून पिशव्या यायच्या,
शिरोलीची, उचगावची, फुलेवाडीची.
नोटांना डिझेलचा वास,
हंगामात गुळाचा चिकटा;
मोजताना अंगठा ओला करावा लागत नसे.
रात्री आत आलेला ट्रक
सकाळी झाडूवाल्यांचा पगार व्हायचा.
मध्ये कुणाला विचारायचं नव्हतं.

मग जकात गेली.
दुकानदारांनी पेढे वाटले, मीही एक खाल्ला,
खोटं कशाला बोलू.
आता आपल्याच बाजारातला पैसा
दिल्लीला जातो, मुंबईत मुक्काम करतो,
आणि आला तर अनुदान होऊन येतो.
त्याची पोच द्यायची, विनियोग दाखला द्यायचा,
"सदर रक्कम मिळाल्याबद्दल आभारी आहोत"
हे मी स्वतः टाइप केलंय, किती वेळा.

दादांना वाटलं रागवायला सांगावं.
ते रागावले नाहीत.
"राजा तरी कुठं मोकळा होता?
वर गोरा बसलेलाच होता की.
मोठ्या रकमेला त्याची मान हलायला लागायची."
मग थोड्या वेळानं,
"तुमचं घटनेत आहे म्हणे?"
आहे.
"काय लिहिलंय? वाच."
मी वाचलं. राज्याला कायद्यानं
कर बसवण्याचा अधिकार देता येईल.
"देईल, का देता येईल?"
देता येईल.
दात नसलेल्या तोंडानं ते इतके हसले
की उचकी लागली, पाणी द्यावं लागलं.
चौसष्ट वर्षं खर्डेघाशीत ऐकलेला
सगळ्यात चांगला शब्द, म्हणाले.

ते गेल्यावर, दिवस घालून झाल्यावर
मी अभिलेखागारात गेले.
मोडी मला येत नाही. तिथल्या एकानं बोट ठेवून
वाचून दाखवलं; खरंच होतं, एक आणा तीन पै,
धनी ठरेपर्यंत,
शेजारी शाईचा थेंब, पुसायचा राहिलेला.

मी म्हटलं, आता पुढची वही.
एक मार्चची. जाड पुठ्ठा, ताठ इंग्रजी अक्षर,
पहिल्या ओळीत आरंभीची शिल्लक.
बोटानं रकाना धरून खाली गेले,
मग परत वर आले,
चष्मा पुसून पुन्हा खाली.

"मावशी," पोरगा म्हणाला,
"पाचला बंद करतो आम्ही."